दाबून बघायची भिंत

आमच्या साताऱ्याच्या घराला जिने दोन होते आणि एकही धड नव्हता, असं आई म्हणायची. आतला जिना मधल्या खोलीतून वर जायचा, पण त्याच्या पायथ्याशी भिंत घातलेली, त्यामुळे तिथे जिना आहे हे फक्त घरच्यांनाच ठाऊक. बाहेरचा लोखंडी, भंगारवाल्याकडून आणलेला, गोल गोल वळत जाणारा आणि इतका अरुंद, की अंगाने भरलेल्या माणसाने तिरकंच चढायचं. खाली आण्णा, आई आणि मी राहायचो. वर माझे काका, ज्यांना आम्ही नाना आणि आण्णा बापू म्हणायचे, काकू आणि त्यांची मुलगी वैशूताई. मेढ्याच्या बाजूच्या गावातून दोघे भाऊ साताऱ्यात आले आणि दोघांनी मिळून हे घर उठवलं. आण्णा फौजेतून निवृत्त झाल्यावर खालचा मजला झाला, नाना कारखान्यात कायम झाल्यावर वरचा. घर बांधलं तेव्हा आतला जिना हाच खरा जिना होता, आणि मी लहानपणी त्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून दोन्ही स्वयंपाकघरांचे वास घेऊन कुठे जेवायचं ते ठरवत असे.

भिंत आली ती कारखान्याच्या गेटमुळे. आण्णांना फौजेनंतर घरी बसवेना, म्हणून त्यांनी एमआयडीसीत नाना कामाला होते त्याच कारखान्यात गेटवर सिक्युरिटीची नोकरी धरली. पुढे संप झाला, टाळं लागलं. एक दिवस नाना गेटवर आले आणि म्हणाले, आत खुंटीला माझे कपडे आहेत, डबा आहे, तेवढं घेऊन येतो. आण्णांनी सगळ्या कामगारांदेखत सख्ख्या भावापुढे काठी आडवी धरली. म्हणाले, आत सोडायचा हुकूम नाही. नाना घरी आले, हातगाडीभर विटा आणल्या आणि त्या संध्याकाळी जिन्याच्या पायथ्याशी स्वतःच्या हाताने भिंत घातली. नाना फिटर होते, गवंडी नव्हते. भिंतीला मध्ये पोट आलं आणि तिच्या चुन्याचा रंग शेजारच्या भिंतीशी कधीच जुळला नाही. आईने नंतर दोनदा सगळी खोली रंगवून बघितली. ती भिंत आपली वेगळीच दिसायची.

संप मिटला, दोघांच्या नोकऱ्या चालू राहिल्या. रोज सुट्टीला नाना गेटवरून बाहेर पडताना पिशवी उघडून दाखवायचे, आण्णा आत बघून मान हलवायचे, आणि दोघे वेगवेगळ्या वाटांनी एकाच घरी यायचे. पौर्णिमेला खाली आमची बुद्धवंदना सुरू झाली की वरही सुरू व्हायची, पण नाना जरा सावकाश म्हणायचे, त्यामुळे आमचं संपलं तरी वरून शेवटच्या ओळी येत राहायच्या, आणि त्या संपेपर्यंत आण्णा हात जोडून तसेच बसायचे. बायकांनी मात्र ह्या अबोल्याला कधी भीक घातली नाही. काकू सांगलीची. ती भडंग केलं की मागच्या खिडकीतून दोरीला परडी बांधून खाली सोडायची, आणि परडी रिकामी वर पाठवायची नाही म्हणून आई त्यात घेवड्याच्या आमटीचं पातेलं ठेवायची. आमटी न सांडता वर गेली की दोघी हसायच्या. आण्णा ते भडंग खायचे आणि कुठून आलं हे विचारायचे नाहीत.

मी वर जायचो. पोरांना कुणी अडवत नव्हतं. वर कॉम्प्युटर होता, कारण वैशूताईने कोर्स केला होता आणि ती घरी लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर असलं काम करायची. दिवसभर गणपती आणि कलश जुळवून झाले की दुपारी ती एक फ्लॉपी काढायची. तिच्या वर्गातल्या पुण्याला शिकायला गेलेल्या एका पोराने ती दिली होती. तिच्यात भुयारातला बंदुकीचा खेळ होता. पडद्यावर आपली फक्त बंदूक दिसायची, बाकी आपण म्हणजेच तो. दगडी बोळ, लोखंडी दारं, कोपऱ्यामागे काहीतरी गुरगुरतंय. आमच्या कॉम्प्युटरला आवाजाचं कार्ड नव्हतं, त्यामुळे राक्षस गुरगुरायच्या ऐवजी शिट्टी मारल्यागत टीं टीं करायचे, आणि गुरगुर ताई स्वतः तोंडाने करायची. त्याने मी जास्त घाबरायचो.

मी गोळ्या घालण्यात रमायचो. ताईला त्यात रस नव्हता. सगळे राक्षस मेल्यावर तिचा खेळ सुरू व्हायचा. ती त्या रिकाम्या भुयारातून हिंडायची. मला सांगायची, हे बघ, ह्या खिडकीतून शेवटचं दार दिसतंय, पण जाता येत नाही. आधी दाखवलं आणि मग लांबून फिरवलं. बांधणाऱ्याची अक्कल बघ. लाल किल्ली घेतली की ज्या दारावरून आपण तीनदा गेलो तेच आता उघडणार. आपण म्हणतो नवीन जागा आली, आणि येतो परत पहिल्याच खोलीत, फक्त दुसऱ्या अंगाने. तिला सगळ्यात आवडायच्या त्या चोरभिंती. एखादी भिंत जरा फिकट असायची, नाहीतर विटांची ओळ किंचित सरकलेली. तिथे जाऊन स्पेसबार दाबला की भिंत वर उचलली जायची आणि मागे एखादी खोली निघायची. भुयार संपलं की शेवटी पडद्यावर हिशेब यायचा, राक्षस किती मारले आणि चोरजागा किती सापडल्या. राक्षस शंभर टक्के असले आणि चोरजागा राहिल्या असल्या, तर ताई मला पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावायची.

माझ्या लेकीच्या मोबाइलमधल्या आताच्या खेळात जमिनीवर पिवळी रेघ उमटते आणि ती रेघेमागे चालत जाते. मी एकदा म्हटलं, अगं, त्या भिंतीपाशी जाऊन बघ तरी. तर म्हणाली, बाबा, तिकडे काही नसतं. खरं असेल. पण काही नसलं तरी आम्ही प्रत्येक भिंतीला अंग घासत चालायचो, आणि त्या घासण्यात दुपारी कशा जायच्या ते कळायचं नाही. त्या बोळांचं वळणन् वळण मला आजही पाठ आहे. माझ्या कॉलेजच्या इमारतीत जिने किती होते ते मात्र विचारू नका.

मी दहावीत गेलो त्या उन्हाळ्यात परडीतून भडंगाबरोबर बातमी आली. नानांना सांगलीला एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं होतं. काकूचं माहेर तिथेच. ते साताऱ्यातलं बिऱ्हाड हलवणार होते. आईने बातमी आण्णांना ताटावर सांगितली. आण्णांनी भाकरी मोडली, म्हणाले, "जाऊ दे की. त्याला पाय हायत." त्या दिवशी ते दुसरी भाकरी न घेताच उठले. मला रडू आलं, आणि ते कॉम्प्युटरसाठी आलं असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर ताई गेल्यावर वर जाण्यासारखं काही राहणार नव्हतं, आणि ती गेली की ती भिंत कायमची भिंतच राहणार, एवढं मला त्या वयातही कळत होतं.

ताई म्हणाली, "रडतोस काय. जायच्या आधी आपण आपलं घर बांधू." त्याच फ्लॉपीत भुयारं बांधायचाही प्रोग्रॅम होता. आईची कपडे शिवायची टेप घेऊन मी खालच्या खोल्या मोजल्या, तिने वरच्या. आणि तिथेच गाडं अडलं. त्या प्रोग्रॅममध्ये एका खोलीवर दुसरी खोली चढवताच यायची नाही. जमीन उंच-सखल करा, पायऱ्या करा, पण एकाच जागेवर दोन मजले नाहीत. ताईने दोन दिवस डोकं लावलं, मग म्हणाली, "वर न्हाई ठेवता येत ना? मग शेजारी ठेवू." तिने नानांचा सगळा मजला उचलला आणि आमच्या मधल्या खोलीला लागून, मागच्या परसात नेऊन टेकवला, जिथे खरं तर शेवग्याचं झाड आणि कोंबड्यांचं खुराडं होतं. दोन्हींच्या मध्ये नानांची ती भिंत आली. तिला रंग तिने मुद्दाम एक छटा फिकट दिला. मला म्हणाली, "ही दाबायची."

तिला काम पक्कं करायची सवय. बांधण्याआधी तिने पत्रिकांच्या प्रोग्रॅममध्ये सगळा आराखडा रेघा ओढून काढला आणि एका फुकट गेलेल्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर छापून मला दिला. राक्षस जिथे उभे करायचे तिथे बारीक गोल. तो कागद माझ्या चड्डीच्या खिशात राहिला आणि धुण्याआधी आईच्या हाती लागला. तिने तो शाळेचा असेल म्हणून आण्णांकडे दिला.

आण्णा नकाशा वाचण्यात पटाईत होते. फौजेत त्यांनी तेच केलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी चष्मा लावला, खिडकीतलं ऊन बघून कागद उत्तरेला फिरवून घेतला, आणि बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. मला हाक आली.

"ह्ये कुणी काढलं?"

"वैशूताईनं."

"आन् मापं कुणी घेतली?"

"म्या. आईच्या टेपनं."

त्यांनी बोट ठेवलं. "ह्यो आपला सैपाक. ही मधली खोली. मग ह्ये शेवग्याच्या जागंवर काय हाय?"

मी खरं ते सांगितलं. "नानांचा मजला."

आण्णांनी कागदावरचे गोल एकेक करून मोजले. मग आईला म्हणाले, "बघ. जाताजाता मागलं परडं बांधकामानं भरून टाकणार बापू. ह्ये गोल बघितलंस? कॉलम हायत. तीन मजली उठवायचा इचार हाय. आन् मापं कुणाकडनं घेतली, तर माझ्याच पोराकडनं." भाऊबंदकीत मुरलेल्या आमच्या मुलखात घराचा छापील कागद म्हणजे वाटणी, मोजणी नाहीतर कोर्ट, चौथा अर्थच नाही. मी म्हणत होतो, आण्णा, ते राक्षस आहेत, आणि त्यामुळे प्रकरण आणखीच बिघडत होतं.

ते तसेच उठले आणि भिंत घातल्यापासून कधी पाय न ठेवलेला लोखंडी जिना चढू लागले. घरभर तो जिना ठणाठणा वाजला. आई मागून, तिच्यामागून मी. काकूने दार उघडलं आणि पदर सावरला. नाना बनियनवर बसून चहा पीत होते. आण्णांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. कागद काकूपुढे धरला.

"सुमन, तुझ्या नवऱ्याला इचार, ह्ये काय हाय."

नाना बशीतून मान वर न करता म्हणाले, "त्यांना सांग, म्या ह्यो कागद बघितलाबी न्हाई."

काकू बिचारी दोघांच्या मध्ये उभी. शेवटी ताईच पुढे आली. तिने आण्णांच्या हाताला धरलं. "आण्णा, तुमी हितं बसा. ह्ये बांधायचं न्हाई, बांधून झालंय. बघा तरी." आणि तिने त्यांना कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसवलं.

पडद्यावर आमचं स्वयंपाकघर होतं. दगडी, अंधारं, पण ओटा तिथेच, खिडकी तिथेच. ताईने आण्णांचं बोट बाणांच्या बटणांवर ठेवलं. ते एकदा भिंतीला धडकले, एकदा गोल फिरले, मग जमलं. "ही आपली खिडकी," ते म्हणाले. दारातून एक शिंगवाला आला. आण्णा खुर्चीत मागे सरले. "सैपाकघरात ह्ये असलं सोडलंय व्हय रं?"

"तेच कॉलम, आण्णा," मी म्हटलं आणि बंदुकीचं बटण दाबून त्याला आडवं केलं.

आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. दुसरा राक्षस कुठून टीं टीं करतोय ते आण्णांना दिसेना, ते उजवीकडेच बघत राहिले. मागून आवाज आला, "डाव्या अंगाला." नाना होते. चहाची बशी हातात घेऊन ते केव्हा खुर्चीमागे येऊन उभे राहिले कुणालाच कळलं नव्हतं. ते कुणाला उद्देशून बोलले नाहीत, पण आण्णा डावीकडे वळले.

मधल्या खोलीत आल्यावर आण्णा थांबले. "जिना कुठाय?"

ताई म्हणाली, "जिना करता येत न्हाई ह्यात. खोलीवर खोली चढत न्हाई. म्हणून वरचं घर शेजारी ठेवलंय. सगळ्यांचं एकाच जमिनीवर."

"मग जायाचं कुठनं? म्होरं भिंत हाय."

"दाबून बघा."

आण्णांनी स्पेसबार दाबला. भिंत वर उचलली गेली. पलीकडे नानांची बैठक होती, तीच जिच्यात आम्ही सगळे बसलो होतो. आण्णा बघत राहिले. त्यांनी आत पाऊल टाकलं नाही. थोड्या वेळाने भिंत आपोआप खाली आली, कारण तिथली दारं तशीच असतात. त्यांनी पुन्हा दाबली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. असं ते किती वेळ करत होते कुणास ठाऊक. मला एवढंच वाटत होतं, की आता ह्या दोघांतल्या एकाने तरी काहीतरी बोलावं. आण्णा उठले. कागदाची घडी करून त्यांनी खिशात घातली, काकूला म्हणाले, "शेवग्याला हात लावायचा न्हाई," आणि ठणाठणा खाली गेले. माझी निराशा झाली. त्या वयात वाटायचं की भिंत उघडली की भुयार संपतं.

बिऱ्हाड हलवायच्या दिवशी टेम्पो दारात उभा राहिला आणि काकूचं माहेरचं लोखंडी कपाट काही केल्या बाहेरच्या जिन्यातून उतरेना. ते वर गेलं होतं आतल्या जिन्याने, भिंत नव्हती तेव्हा. गॅलरीला ग्रील. हमालांनी आडवं करून बघितलं, उभं करून बघितलं. शेवटी नाना खाली आले आणि आमच्या दाराबाहेरूनच आईला म्हणाले, "वहिनी, कपाट आतल्या अंगानंच उतरंल."

आण्णा आत खाटेवर बसले होते. ते उठून मधल्या खोलीत गेले. आम्ही सगळे दारात. त्यांनी त्या पोट आलेल्या भिंतीवर हाताचा पंजा ठेवला आणि दाबला. जोर लावून दाबला. मग वळून माझ्याकडे बघून म्हणाले, "ही उघडंना रं, मिल्या." चेहऱ्यावर हसू नव्हतं. पण नाना फस्सकन हसले, आणि हसता हसताच म्हणाले, "वहिनी, पहार हाय का?"

भिंत कच्चीच होती, पाचव्या-सहाव्या घावाला बसली. मागे जिना होता तसाच, धुळीने भरलेला. कपाटाला वरून नाना लागले, खालून आण्णा. हमालांना त्यांनी बाजूला सारलं. आम्ही ऐकत होतो ते एवढंच. "हळू." "कोपरा सांभाळ." "तू खाली बघ, माझ्याकडं बघू नगं." आणि तिसऱ्या पायरीवर कपाट अडकलं. वरही जाईना, खालीही येईना. सोडलं तर आण्णांच्या अंगावर, म्हणून कुणालाच हलता येईना. दोघे दोन टोकांना कपाट धरून उभे, एकमेकांचं तोंड दिसत नाही. तेव्हा आण्णा कपाटाच्या खालून बोलले.

"बापू, तवा गेटवर माझ्या अंगात वर्दी हुती. घरी येऊन ती काढून तुझ्याकडं वर यायला पायजे हुतं. आलो न्हाई."

 वरून नानांचा आवाज आला. "येणार कुठनं तू, दादा? म्या भिंत घातलीती की."

मी आईकडे बघितलं. ती रडत होती आणि काकूच्या खांद्याला धरून उभी होती. "उजव्या अंगाला घे जरा," आण्णा म्हणाले, आणि कपाट सुटलं.

ते सांगलीला गेलेच. अबोला मिटला म्हणून नोकऱ्या बदलत नाहीत. पण ती जागा आण्णांनी पुन्हा बुजवली नाही, दारही बसवलं नाही, नुसत्या कडा गुळगुळीत करून घेतल्या. दिवाळीत आणि जयंतीला नाना आले की आतूनच वर जायचे, आणि पौर्णिमा असली तर वंदना खालीच व्हायची, सावकाश, नानांच्या चालीने. मी सुट्टीत एसटीने सांगलीला जायचो, आणि कधी आण्णाही यायचे, सोबत शेवग्याच्या शेंगांची जुडी घेऊन. चहा झाला की ते ताईला म्हणायचे, "आपलं घर लाव." ताईने त्यांच्यासाठी सगळे राक्षस काढून टाकले होते. ते रिकाम्या घरातून चालायचे, भिंत दाबायचे, पलीकडे जायचे, परत यायचे. गोळी त्यांनी कधी झाडली नाही.

आण्णा मागच्या हिवाळ्यात गेले. विधी आटोपल्यावर आम्ही खाली बसलो होतो. नाना आता काठी घेऊन चालतात, त्यांना जिना चढवत नाही. ताईने तिच्या लॅपटॉपवर ते जुनं घर सांभाळून ठेवलंय. तिने ते नानांपुढे ठेवलं, आणि ह्या वेळी त्यांच्या बैठकीपासून सुरू केलं. नाना दोन बोटांनी बटणं दाबत हळूहळू चालत त्या फिकट भिंतीपाशी आले आणि थांबले. ताई म्हणाली, "दाबा की, नाना." त्यांनी बोट स्पेसबारवर ठेवलं आणि तसंच ठेवलं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "बंद हाय तवर पलीकडं दादा हाय."

ताईने लॅपटॉप मिटला नाही. आईने चहा आणला, आणि आम्ही त्या भिंतीसमोर बसून तो प्यालो.